१६७० ची दिवाळी

दिवाळी अंकात इतिहासावर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात चकलीशेजारी काढ्याचा पेला ठेवण्यासारखे आहे, असे आमच्या शाळेतले एक सहकारी म्हणतात. त्यांचे म्हणणे मला पटते. तरीसुद्धा हा पेला मी आज ठेवणार आहे. ज्या सालाविषयी मला बोलायचे आहे त्या सालात एक दिवाळी होऊन गेली आणि आपल्या कादंबरीने तिच्याकडे नीटसे पाहिलेच नाही.

हे साल १६७०. कोणाही मराठी वाचकाला झोपेतून उठवून विचारा, १६७० साली काय झाले? तो डोळे चोळत सांगेल, सिंहगड. माघ वद्य नवमीची काळोखी रात्र, ४ फेब्रुवारी. तानाजी मालुसरे, उदेभान राठोड, शेलारमामा, तुटलेला दोर. शाहीर तुळशीदासाने पोवाडा रचला, हरिभाऊ आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली, १९३३ साली ‘प्रभात’ने ‘सिंहगड’ बोलपट काढला आणि २०२० साली हिंदीत ‘तान्हाजी’ आला. एका रात्रीवर एवढे वैभव आपल्या वाङ्मयात दुसऱ्या फारशा रात्रींच्या वाट्याला आलेले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उरलेल्या तीनशे चौसष्ट रात्रींचे काय, एवढेच मी विचारतो.

हा प्रश्न वास्तविक माझा नव्हे. सातवीच्या वर्गात मी सुरतेचा भाग शिकवीत होतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली, १६७० मध्ये पुन्हा लुटली आणि तो पैसा स्वराज्याच्या कामी आला, असे सांगून मी पुढच्या पानाकडे वळलो, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो दिंडोरीकडच्या एका खेड्यातला. त्याचे वडील टेम्पोवर आहेत; वणी, सापुतारा या वाटेने टोमॅटो आणि द्राक्षे घेऊन ते सुरतेला जातात. तो म्हणाला, “गुरुजी, पण मग ते ओझे इकडे आणले कसे?” वर्ग हसला. मीही हसलो आणि घंटा झाली. घरी गेल्यावर मात्र मला हसू येईना. मी दोन ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांपैकी एकीत सिंहगडाची रात्र चाळीस पाने चालते, आणि सुरतेहून ओझे कसे आले याचे उत्तर मला चार ओळींतही देता येत नव्हते. ते ज्या वाटेने आले ती वाट माझ्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर आहे!

तेव्हा आधी तो ऑक्टोबर महिना थोडा पाहू.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले होते. आग्र्याहून सुटून आल्यावर महाराज तीन वर्षे गप्प राहिले आणि १६७० उजाडताच त्यांनी तह मोडला. फेब्रुवारीत सिंहगड, मार्चात पुरंदर, मे महिन्यात लोहगड, जूनमध्ये माहुली, कर्नाळा, रोहिडा असे किल्ले भराभर परत येत गेले. त्याच फेब्रुवारीच्या २४ तारखेस राजगडावर राजारामांचा जन्म झाला. हा जन्म लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. किल्ले आले, परंतु किल्ल्याला शिबंदी लागते, दारूगोळा लागतो, तट पडले असतील तर चुना आणि गवंडी लागतो. पावसाळा संपताच सुमारे १५,००० माणसे घेऊन महाराज सुरतेवर गेले ते याच कारणाने.

सुरतेतल्या इंग्रजांच्या वखारीतील नोंदीप्रमाणे मराठे शहरात शिरले ती तारीख ३ ऑक्टोबर, आणि ते तीन दिवस राहिले. इंग्रज त्या काळी जुने पंचांग वापरीत. त्यांची तारीख फ्रान्स-स्पेनच्या तारखेच्या दहा दिवस मागे असे, आणि ही खोड त्यांनी १७५२ पर्यंत सोडली नाही. म्हणजे आजच्या हिशेबाने ते तीन दिवस १३, १४ आणि १५ ऑक्टोबर. मला तिथ्या मोजण्याचा नाद आहे. एका रविवारी पाटी-पेन्सिल घेऊन अमावास्यांचा हिशेब मागे नेला, तेव्हा आश्विनातली अमावास्या नेमकी याच दिवसांत येऊन पडली. सुरतेची दुसरी लूट लक्ष्मीपूजनाच्या सुमारास झाली!

वाचकहो, ही गोष्ट कादंबरीकाराला वेड लावणारी आहे. व्यापाऱ्यांचे शहर, वर्षाच्या वह्या बदलण्याचे दिवस, आणि वेशीवर घोडेस्वार. शहराचा मोगली अंमलदार किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांची वखार स्ट्रेन्शॅम मास्टर नावाच्या माणसाने पंचवीस-तीस जणांनिशी लढवली. डच अंग चोरून राहिले. फ्रेंचांनी आपल्या आवारातून मराठ्यांना वाट दिली, आणि त्या वाटेने मराठे ज्या सराईवर गेले तिथे काशगरचा पदच्युत राजा मक्केहून यात्रा करून येऊन उतरला होता. तो रात्री किल्ल्यात पळाला. निम्म्याच्या आसपास शहर जळाले. पुढे मोगलांनी चौकशी केली, तीत ६६ लाख रुपयांचा ऐवज गेल्याचे ठरले. जाताना महाराजांनी वर्षाला १२ लाख मागणारे पत्र ठेवले, आणि त्या धाकाने सुरतेचा व्यापार पुढे कित्येक महिने सावरला नाही. नुसते हुल उठली की दुकाने बंद होत.

आता जरा दूरवर जाऊ. फ्रान्समधल्या शांबोर येथील राजवाड्यात १४ ऑक्टोबर १६७० रोजी, म्हणजे सुरतेच्या लुटीच्या दुसऱ्या दिवशी, चौदाव्या लुईपुढे मोलियेरने आपले एक नवे प्रहसन सादर केले. त्यातला नायक कापडवाल्याचा मुलगा. बापाने कापड विकून पैसा केला आणि मुलाला आता सरदार व्हायचे आहे. तो नाचाचा मास्तर ठेवतो, तलवारीचा ठेवतो, तत्त्वज्ञानाचा ठेवतो, आणि आपण जन्मभर जे बोलत आलो त्याला गद्य म्हणतात हे कळल्यावर हरखून जातो. शेवटी खोट्या तुर्की थाटात त्याला खोटी सरदारकी मिळते. राजा हसला, दरबार हसला; आजही लोक हसतात. परंतु माझे लक्ष दुसरीकडे गेले. कापड विकणाऱ्याच्या घरात नाटक असू शकते, हे मोलियेरला दिसले होते. त्याच दिवशी सुरतेत कापडवाल्यांच्या पेढ्या फुटत होत्या, आणि आमच्या साडेतीनशे वर्षांच्या वाङ्मयात त्या पेढीवरचा एकही माणूस नावानिशी बोललेला माझ्या वाचनात नाही. आमच्या कादंबरीत सुरतेचा व्यापारी येतो तो ढेरपोट्या, थरथर कापणारा, तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावलेला. दोन वाक्ये बोलतो आणि पान उलटते. मोलियेरच्या नायकालाही लोक हसतात, तथापि पडदा पडेपर्यंत तो आपल्या ओळखीचा झालेला असतो.

१६७० हे जगात एकंदरीत पैशाचेच साल होते, असे मला वाटू लागले आहे. मे महिन्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने उत्तर अमेरिकेतला हडसनच्या उपसागराभोवतीचा सारा मुलूख एका व्यापारी कंपनीला सनद करून दिला. मोबदला काय? राजा कधी त्या मुलखात आलाच तर दोन सांबरे आणि दोन काळे बीव्हर द्यावेत. याच राजाने दोन वर्षांपूर्वी, १६६८ साली, आपली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली होती. आमच्या शाळेच्या सभागृहाचे एका संध्याकाळचे भाडे त्याहून जास्त आहे. थोडक्यात, ज्या वर्षी आमच्या पोवाड्याने दोर आणि तलवार एवढेच पाहिले त्या वर्षी जगातले मोठमोठे मुलूख हिशेबाच्या वहीवर इकडचे तिकडे होत होते. महाराजांना हे पुरते ठाऊक होते. सुरतेसारखे ठिकाण एकदा सोडून दोनदा निवडणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांना मात्र त्याचा विसर पडला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे.

सुरतेहून निघून मराठे बागलाणात उतरले, मुल्हेरच्या बाजूने आले. बुऱ्हाणपुराहून दाऊदखान कुरेशी निघाला आणि चांदवडास आला, कारण सातमाळा ओलांडल्याशिवाय ओझ्यासकट कोकणात जाणे शक्य नव्हते. कांचन-मांचनच्या घाटातून मराठे उतरत आहेत आणि निम्मे पुढे नाशिककडे सरकले आहेत, अशी बातमी त्याला रात्री लागली. तो रात्रीच चालू लागला. इंग्रजी जुन्या तारखेने १७ ऑक्टोबर, आजच्या हिशेबाने २७. अमावास्येपासून मोजा: कार्तिकाची शुद्ध द्वादशी-त्रयोदशी. तुळशीची लग्ने लागण्याचे दिवस, त्रिपुरी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर. चांदणे रात्रभर होते, पण चंद्र उजाडण्याच्या आधीच मावळला, आणि त्या काळोखात दाऊदखानाची फौज पांगली.

हे आपल्याला कोणी सांगितले? भीमसेन सक्सेना नावाच्या बुऱ्हाणपूरच्या कायस्थाने. तो मोगलांच्या चाकरीत होता, दाऊदखानाच्या फौजेत हजर होता आणि त्याने आपल्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या. त्या वृत्तान्तात एक जागा अशी आहे की कोणत्याही कादंबरीकाराने तिच्यासाठी आपली दौत गहाण टाकावी. आघाडीचा सरदार इखलासखान मियाना पहाटे एका टेकाडावर चढला, आणि खाली मैदानात मराठे लढाईला उभे दिसले. त्याच्या शिपायांची चिलखते मागून उंटांवर लादून येत होती. ती उतरवून अंगात घालीपर्यंत थांबायला हवे होते. इखलासखान थांबला नाही. मूठभर माणसांनिशी त्याने घोडा घातला आणि थोड्याच वेळात जखमी होऊन तो जमिनीवर आला. मागून दाऊदखान आला. बुंदेल्यांच्या बंदुकांनी मराठ्यांना लांब ठेवले, म्हणून फौज कशीबशी तगली. संध्याकाळी मोगल तिथेच मुक्काम करून आपले मुडदे पुरत होते. मराठे कोकणात उतरून गेले. दाऊदखान नाशकास येऊन महिनाभर बसून राहिला.

आमच्या बाजूने काय आहे? कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. ती सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिली गेली, आणि लिहवून घेणारे छत्रपती राजाराम, मघाशी ज्यांचा जन्म आपण लक्षात ठेवला तेच. जे साल त्यांच्या पाळण्याचे, त्याची हकीकत त्यांनी पंचवीस-सत्तावीस वर्षांनी, शत्रूच्या वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यावर लिहवून घेतली. सभासदाने ही लढाई थोडक्यात आटोपली आहे, पण एक गोष्ट तो बरोबर सांगतो. महाराजांनी ओझी पुढे काढली आणि स्वतः अंगात बखतर चढवून, हाती पट्टे घेऊन मागे राहिले. प्रतापराव गुजर, व्यंकोजी दत्तो, आनंदराव ही मंडळी बरोबर होती. दोन प्रहर झुंज झाली.

राजा मागे का राहिला? ओझे पुढे सुखरूप जावे म्हणून. सिंहगडावर तानाजी वर चढतो; दिंडोरीला राजा मागे थांबतो. वर चढणे आमच्या लेखणीला साधते, त्यात दोर आहे, काळोख आहे, मरण आहे. मागे थांबणे तिला साधलेले नाही. ज्याच्यासाठी थांबायचे ती वस्तू म्हणजे गोण्या, पेट्या, लादलेली घोडी आणि ती हाकणारी बिननावाची माणसे. वीररसात गोणी बसत नाही, असा आमचा समज झालेला आहे.

या समजाचे मूळ हरिभाऊंच्या कादंबरीत आहे, असे माझे मत आहे, आणि हे मी त्यांच्या पायावर डोके ठेवून सांगतो. मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या माझ्यासारख्याला कादंबरी म्हणजे काय हे त्यांनीच शिकवले. ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये त्यांनी कमलकुमारी नावाची रजपूत विधवा निर्माण केली. उदेभान तिला सती जाण्यापासून ओढून कोंढाण्यावर आणतो, आणि गड घेण्याला तिच्या सुटकेचे कारण जोडले जाते. गोष्ट वाचकाला धरून ठेवते. पण परिणाम असा झाला की तह, तेवीस किल्ले, मोडलेली शिबंदी, रिकामा खजिना हे सारे मागे सरले आणि लढाई एका दुष्टाच्या आणि एका अबलेच्या भोवती फिरू लागली. त्या कादंबरीच्या नावातली कोटीसुद्धा इतिहासाला धरून नाही. ‘सिंहगड’ हे नाव १६७० च्या आधीच्या कागदांतही येते. घोरपडीची कथा पोवाड्यातली. सभासदाने घोरपड सांगितली नाही. गडावरच्या खणांना आग लावून फत्ते झाल्याची खूण केली, हे मात्र त्याने सांगितले आहे.

आणि गंमत पाहा, हेच हरिभाऊ ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ लिहितात तेव्हा घरातल्या पैशाची केवढी बारीक जाण दाखवतात! यमूच्या घरात कोणाच्या हाती पैसा आहे, कोण कोणापुढे हात पसरतो, बाईच्या गाठीचे काय होते, हे त्यांनी कुठेही सोडलेले नाही. त्यांच्या सामाजिक कादंबरीतला माणूस उठल्यापासून निजेपर्यंत खर्च करतो. तोच माणूस ऐतिहासिक कादंबरीत शिरला की एकदम जेवेनासा होतो. हरिभाऊंच्या मागून आलेल्या आम्ही सर्वांनी त्यांची दुसरी रीत उचलली आणि पहिली सामाजिक कादंबरीवाल्यांना देऊन टाकली. ही वाटणी कोणी केली? वाचकांनी नाही, लेखकांनी. मीही त्यात आहे. माझ्या कादंबरीत सुरत एका वाक्यात येते: “सुरत लुटून महाराज परतले.” ‘परतले’ या एका क्रियापदात मी बागलाण, सातमाळा, कांचन-मांचनचा घाट, मावळलेला चंद्र आणि दोन प्रहरांची लढाई कोंबली आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, लुटीच्या पैशाची गोष्ट मुलांना सांगून काय साधायचे? सुरतेत घरे जळाली हे आवर्जून कशाला सांगता? ही अडचण खरी आहे, आणि माझ्या मते आमच्या कादंबरीचे डोळे दिंडोरीवर न पडण्याचे खरे कारण हेच आहे. ओझे दाखवले की ते कोणाचे होते हे विचारावे लागते. सिंहगड आमचा होता, तो आम्ही परत घेतला. तिथे मन स्वच्छ राहते. सुरतेला तसे राहत नाही. परंतु महाराजांच्या राज्याला हा डाग लागू नये म्हणून जो लेखक सुरत एका वाक्यात उरकतो, तो महाराजांना लहान करतो, असे मी म्हणेन. बलाढ्य बादशहाशी लढणाऱ्या, बंदरांचे उत्पन्न तोकडे असलेल्या राजाने पैसा कुठून आणला, तो कोणाच्या दारातून आणला, आणि आणल्यावर त्याचे काय केले, या तिन्ही प्रश्नांना तो सामोरा गेला होता. १६७१-७२ चा एक कागद आहे. त्यात किल्ल्यांच्या बांधकामासाठी १,७५,००० होनांची तरतूद केली आहे: रायगडाला ५०,०००, इतर गडांना थोडेथोडे, आणि त्यात सिंहगडाला १०,०००. त्यांतला कोणता होन सुरतेचा आणि कोणता कुठला, हे कागद सांगत नाही. पण ज्या गडावर तानाजी पडला त्याच्या डागडुजीचा आकडा या यादीत आहे, आणि पोवाड्याचा शेवट जिथे होतो तिथून हा आकडा पुढे चालू होतो.

मागच्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मी त्या वाटेवर गेलो. नाशिकहून वणीच्या एस.टी.त बसलो, डावीकडे रामसेज मागे पडला, दिंडोरी आली. द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी होऊन गेली होती, काड्यांवर कोवळे फुटवे होते आणि औषध फवारणारे ट्रॅक्टर फिरत होते. दिंडोरीच्या पुढे उतरून थोडा चाललो. उत्तरेला सप्तशृंगीचा कडा आणि सातमाळ्याची ओळ सरळ दिसते. त्या ओळीतून लादलेली घोडी या सपाटीवर उतरलेली असतील, आणि मागे राहणाऱ्यांना आपली तोंडे त्या डोंगरांकडे करून उभे राहावे लागले असेल. टेकाडे पुष्कळ आहेत. इखलासखानाचे कोणते, ते ठरवायचा नाद मी सोडून दिला. शेतातल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारले, “बाबा, इथे शिवाजी महाराजांची लढाई झाली होती ना?” ते म्हणाले, “झाली असंल. सिंव्हगडाला झाली ती म्हाइत हाय.”

परत आल्यावर मी नव्या कादंबरीचे पहिले प्रकरण लिहायला घेतले आहे. ते तीनदा फाडले. पहिल्या खेपेस त्यात महाराजच पहिल्या ओळीत आले आणि मग दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला जागा राहिली नाही. दुसऱ्या खेपेस सुरतेचा एक कापडवाला आला, पण तो माझ्या हातून पुन्हा थरथर कापू लागला. तिसऱ्या खेपेस एक घोडी हाकणारा घेतला आणि अडलो ते एका साध्या गोष्टीवर: घाट उतरताना लादलेले घोडे पुढून धरतात की मागून?

तो प्रश्न मी त्या मुलाला घातला. दुसऱ्या दिवशी तो वडिलांना विचारून आला. घोड्याचे त्यांना ठाऊक नव्हते. पण त्यांच्या आजोबांकडे बैल होते, आणि भरलेली गाडी सापुताऱ्याच्या घाटातून उतरवताना चाकांना लाकडाचा अडणा लावून दोन माणसे मागून दोराने गाडी धरीत, असे त्यांनी सांगितले होते. मुलगा म्हणाला, “गुरुजी, मागच्यांना जास्त पैसे द्यायचे म्हणे.”

मी ते वहीत टिपून ठेवले आहे. चौथ्या खेपेचे प्रकरण सुटीत लिहायला बसणार आहे.